वेशीबाहेरची शाळा

दिवाळी अंक घरातल्या साऱ्यांच्या हातून फिरतो. आजोबांनी चष्मा पुसून तो सावकाश वाचावा, गृहिणीने दुपारी जरा पाठ टेकल्यावर चाळावा, आणि कॉलेजातल्या चिरंजीवांनी व्यंगचित्रांपुरता उघडून नकळत दोन लेख वाचून टाकावेत, अशी त्याची रीत. अशा अंकात एचआयव्हीसारखा विषय, आणि तोही वेश्यावस्तीतून नि ट्रकच्या अड्ड्यावरून हिंडत आलेला, कशाला आणावा, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच की, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या रोगाला आवर घालण्याचे काम करता करता काही लोकांपाशी मोठे शहाणपण जमा झाले आहे. ते लोक आपल्या ओळखीचे नाहीत. त्यामुळे त्यांचे शहाणपण आपल्या दिवाणखान्यापर्यंत आलेले नाही.

शिवाय मराठी वाचकाने या विषयाला बिचकण्याचे कारण नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक रघुनाथराव कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. गुप्तरोग, संततिनियमन, स्त्रीपुरुषसंबंध यांविषयी ते स्वच्छ मराठीत लिहीत. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला कर्वे हरले, पण १९५३ साली मृत्यू येईपर्यंत मासिक चालवीत राहिले. ज्या भाषेत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हे लिहून झाले, त्या भाषेत आज आपण या विषयावर का चाचरतो, हा प्रश्न मराठी शिकविणारी बाई म्हणून मला नेहमी पडतो.

मद्रासेतील सहा नमुने

१९८६ सालापर्यंत आपल्याकडे अशी समजूत होती की, एड्स हा परदेशातल्या छंदीफंदी लोकांचा रोग; आपल्या संस्कृतीचा कोट भक्कम आहे, तो आत यावयाचा नाही. ही समजूत मोडली ती एका मराठी माहेर असलेल्या डॉक्टरीणबाईंनी. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या मूळच्या गायतोंडे. त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, वेश्याव्यवसायातील स्त्रियांचे रक्त तपासावयास सांगितले. अशा स्त्रिया कोठे राहतात, हेही निर्मलाबाईंना ठाऊक नव्हते. त्यांनी सुधारगृहात जाऊन रक्ताचे नमुने गोळा केले, घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि वेल्लोरला नेऊन तपासले. सहा नमुन्यांत एचआयव्हीची लागण निघाली.

देशाला सावध करणारा असा हा शोध. पण त्यातून लोकांनी भलताच अर्थ काढला. रोग ‘त्या’ बायकांत सापडला ना, मग तो ‘त्यांचा’च! एक रेघ ओढावी, त्यांना पलीकडे ठेवावे, आणि आपण अलीकडे निर्धास्त झोपावे.

ती रेघ किती कच्ची होती, हे गोव्याने लवकरच दाखवून दिले. डॉमिनिक डिसोझा नावाचा तिथला तरुण नेमाने रक्तदान करणारा. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांनी नेले. दान केलेल्या रक्तात लागण आढळली होती, आणि गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्यकायद्यात अशा माणसाला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद होती. क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत तो चौसष्ट दिवस एकटा कोंडून होता. गुन्हा कोणता? रक्तदान! सुटल्यावर त्याने न्यायालयात आणि बाहेर आपल्यासारख्यांसाठी लढा दिला, ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली, आणि १९९२ साली तो गेला.

आता व्यवहाराने विचार करा. तपासणी केली की कोंडून घालतात, हे एकदा लोकांना कळल्यावर तपासणीला कोण येईल? ज्याला शंका आहे तो दडून बसेल, आणि रोग त्याच्याबरोबर दडून हिंडत राहील. भीतीने माणूस पळतो. विषाणू काही पळत नाही.

एकटीचे ‘नाही’ आणि गल्लीचे ‘नाही’

हा विषाणू पसरतो तो चार वाटांनी: असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, एकमेकांच्या वापरलेल्या सुया, आणि बाधित आईकडून बाळाला. हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने तो होत नाही. पहिल्या वाटेवर अडसर घालण्याचे साधनही आपल्याला जुने ठाऊक आहे. सरकारने १९६८ साली ‘निरोध’ बाजारात आणले, ते पंधरा पैशांना तीन मिळत. आज ते फुकट वाटले जाते. मग अडचण कसली?

अडचण अशी, की निरोध वापरावयाचा तो पुरुषाने, आणि आग्रह धरावयाचा तो बाईने. वस्तीतील एखादी म्हणाली, ‘याशिवाय जमणार नाही’, तर गिऱ्हाईक उठून शेजारच्या दारात जाते. तिचा दिवस बुडतो, मुलाच्या दुधाचे पैसे बुडतात, आणि शेजारणीच्या दारात रोग जातो तो जातोच. डॉक्टरांनी तिला कितीही समजावले तरी तिच्या हाती काही नसते. साऱ्या गल्लीने मिळून ‘नाही’ म्हटले, म्हणजे मात्र गिऱ्हाइकाला जावयास दुसरे दारच उरत नाही. एकटीचे ‘नाही’ उपाशी मरते. गल्लीचे ‘नाही’ चालते.

ही साधी गोष्ट ज्यांनी कृतीत आणली, त्यांत आपले सांगली आहे. १९९२ साली मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ‘संपदा ग्रामीण महिला संस्था’, म्हणजे ‘संग्राम’, सुरू केली. गोकुळनगरसारख्या वस्त्यांत कामाला आरंभ झाला. बाहेरच्या शहाण्या बायकांनी येऊन उपदेश करावा, ही नेहमीची पद्धत बाजूला ठेवून वस्तीतल्याच स्त्रियांना शिक्षिका केले. निरोध त्यांनी वाटावयाचे, वापर त्यांनी समजावून सांगावयाचा, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात त्यांनीच न्यावयाचे, आणि तेथे कोणी घालूनपाडून बोलले तर भांडावयाचेही त्यांनीच. १९९६ साली या स्त्रियांनी स्वतःची संघटना काढली. तिचे नाव ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. जो शब्द आपण कुजबुजत उच्चारतो, तो त्यांनी पाटीवर लिहिला. सांगली-मिरजेपासून सीमेपलीकडच्या निपाणीपर्यंत हे काम गेले, आणि निपाणीत या स्त्रियांच्या मुलांसाठी वसतिगृहही उभे राहिले.

या बायकांचा ताठ कणा दाखविणारी एक गोष्ट सांगते. अमेरिकेने २००३ साली असा कायदा केला, की एड्स-निवारणासाठी तिची मदत घेणाऱ्या संस्थेने आपण वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत, असे धोरण मान्य केले पाहिजे. ज्या बायकांच्या जोरावर काम उभे राहिले, त्यांच्याच विरोधात सही करावयाची! संग्रामने २००५ साली तो निधी सोडून दिला.

सांगलीत हे घडत होते त्याच सुमारास, १९९२ साली, कलकत्त्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी याच वाटेने काम सुरू केले, आणि १९९५ साली तेथील स्त्रियांची ‘दुर्बार’ संघटना उभी राहिली. दोन टोकांची दोन गावे, आणि अनुभव एकच. १९९२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, आणि १९९८ पासून आपल्या राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेने, पुढे हीच पद्धत सरकारी योजनेत आणली. २००३ साली गेट्स प्रतिष्ठानच्या पैशातून ‘आवाहन’ हा प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाला, आणि काही वर्षांनी तोही सरकारच्या हाती सोपविला गेला.

रस्त्यांचे गाव

आमचे नाशिक तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध. पण ते रस्त्यांचेही गाव आहे. मुंबई-आग्रा रस्ता गावाच्या पोटातून जातो, पुण्याचा रस्ता द्वारकेपाशी त्याला येऊन मिळतो. लासलगावचा कांदा, पिंपळगावची द्राक्षे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा माल, सारे ट्रकवर चढते. आडगावच्या ट्रक टर्मिनसवर कोणत्याही संध्याकाळी पाहा, चार-पाच प्रांतांच्या पाट्या दिसतील. हंगामात पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांवर मजूर येतात. महिनामहिना घर सोडून राहणारा माणूस, खिशात रोजची कमाई, आणि ओळखीचे कोणी नाही. रोगाला याहून सोयीची जागा कोणती? म्हणूनच या योजनेत वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, सुईने नशा करणारे, ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर हेही धरलेले आहेत.

माझ्याकडे कॉलेजातील राष्ट्रीय सेवा योजनेचे काम आहे. त्या निमित्ताने अशा एका प्रकल्पाच्या कचेरीत जाण्याचा योग आला. दोन खोल्या, एक पंखा, भिंतीवर गणपती नि कॅलेंडर. तिथल्या ताई पन्नाशीच्या. पूर्वी धंदा करीत, आता शिक्षिका आहेत. सरकारी मोजमापाप्रमाणे साधारण साठ स्त्रियांमागे अशी एक शिक्षिका असते. तिला पगार नसतो. थोडके मानधन असते.

ताईंनी पिशवीतून आपली सामग्री काढून दाखविली: निरोधची पाकिटे, तो कसा वापरावा हे दाखविण्यासाठी एक लाकडी नमुना, आणि चित्रांची वही. ज्यांना अक्षर येत नाही, त्यांनाही हिशेब ठेवता यावा म्हणून ही चित्रे. कोणती मुलगी नवी आली, कोणाकडे गिऱ्हाइके जास्त, कोणाला किती पाकिटे लागतील, कोणाची तीन महिन्यांची दवाखान्यातली तपासणी राहिली, कोणाची सहा महिन्यांची रक्ततपासणी आली, हे सारे त्या वहीत.

मी विचारले, “ताई, यातले अवघड काम कोणते?”

“गिऱ्हाईक नाही हो मॅडम,” त्या म्हणाल्या. “गिऱ्हाईकाला सांगता येतं. अवघड असतो तो मालक.”

मालक म्हणजे वस्तीतल्या बाईचा कायमचा सोबती. नवऱ्यासारखा, पण नवरा नव्हे. “त्याला निरोध म्हटलं की तो म्हणतो, माझ्यावर भरवसा नाही का? आता भरवशावर काय बोलायचं? तुमच्याकडं तरी बोलतात का बायका?”

मला उत्तर सुचले नाही. आणि खरे सांगावयाचे तर त्या प्रश्नाला आपल्यापैकी कोणापाशीच चटकन उत्तर नसेल.

शब्दांचा दुष्काळ

त्या दिवशी माझ्यातल्या भाषेच्या शिक्षिकेला मात्र बरेच शिकावयास मिळाले. आपल्या मराठीत शरीराच्या काही भागांना आणि क्रियांना दोनच प्रकारचे शब्द आहेत. एक संस्कृत, ते पाठ्यपुस्तकात. दुसरे शिव्यांचे, ते रस्त्यावर. मधले, रोजच्या बोलण्याचे, आई मुलीला सांगू शकेल असे शब्द जवळजवळ नाहीत. बायका म्हणतात ‘अंगावरून जाते’, ‘खाली दुखते’. आणि डॉक्टरने तेवढ्यावरून ओळखावे, अशी अपेक्षा. ‘गुप्तरोग’ हा शब्दच पाहा! ज्या रोगाच्या नावातच लपण्याची आज्ञा आहे, तो रोगी दवाखान्यात उघडपणे कसा येणार?

ताईंनी हा मधला शब्द स्वतः घडविला आहे. त्या खाकरत नाहीत, हसत नाहीत, शिवीही देत नाहीत. गॅसची शेगडी कशी बंद करावी हे सांगावे तितक्या सहजपणे निरोध कसा वापरावा हे सांगतात. हजार भित्तिपत्रकांनी जे होत नाही, ते या स्वरामुळे होते. ज्ञान ओळखीच्या तोंडून आले तरच ते बाईच्या अंगी लागते.

कायदा आणि औषध

पूर्वी या कामात मोठी अडचण पोलिसांची असे. पिशवीत निरोधची पाकिटे सापडली की तोच धंद्याचा पुरावा! मग बाई पाकीट जवळ बाळगावयासच भिई. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (तो २०१७ चा) रोगाचा धोका कमी करणारी अशी साधने देणे किंवा बाळगणे हा गुन्हा ठरत नाही, असे स्पष्ट केले. संमतीवाचून तपासणी नाही, कोणाची लागण जाहीर करावयाची नाही, लागण आहे म्हणून नोकरीवरून, शाळेतून वा दवाखान्यातून काढावयाचे नाही, हेही त्यातच आहे. पुढे १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की या स्त्रियांना पोलिसांनी सन्मानाने वागवावे, आणि निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये.

औषधांची कथाही आपल्या अभिमानाची आहे. परदेशात वर्षाला हजारो डॉलर किंमत असलेली तीन औषधांची जोडणी २००१ साली मुंबईच्या ‘सिप्ला’ने दिवसाला एका डॉलरहून कमी किंमतीत देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने हे उपचार मोफत सुरू केले. २०१७ पासून तर लागण कळली की लगेच औषध चालू करतात. नेमाने गोळी घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडतही नाही, आणि मग शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला होत नाही. बाधित आईने वेळीच औषध घेतले तर बाळ बहुधा निरोगी जन्मते. एकेकाळी मृत्यूचा दाखला वाटणारा हा रोग आता मधुमेहासारखा सांभाळता येतो.

देशात २०२१ च्या अंदाजाप्रमाणे सुमारे चोवीस लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. सर्वांत जास्त महाराष्ट्रात, चार लाखांच्या जवळपास. पण २०१० ते २०२१ या काळात देशातील नव्या लागणी सुमारे ४६ टक्क्यांनी उतरल्या, साऱ्या जगातील घटीपेक्षा अधिक. या आकड्याच्या मागे औषध आहे, डॉक्टर आहेत, सरकार आहे. आणि चित्रांची वही घेऊन दारोदार फिरणाऱ्या या शिक्षिकाही आहेत.

यशाचेही संकट असते. रोग उतरला की लोकांचे लक्ष उतरते, आणि पाठोपाठ पैसा उतरतो. शिवाय धंदा आता गल्लीत राहिलेला नाही. तो मोबाइलवर गेला, लॉजवर गेला, दूरच्या वसाहतीतल्या भाड्याच्या खोलीत गेला. जी गल्ली एकजुटीने ‘नाही’ म्हणत होती, ती विखुरली. ताईंना आता साठ दारांऐवजी साठ फोननंबर सांभाळावे लागतात. त्यातच २०२६-२७ च्या सिंहस्थाची कामे. त्यांसाठी बाहेरगावचा मजूर येणार, आणि पुढे यात्रेकरूंची गर्दी. या काळात अशा शिक्षिका कमी पडून कसे चालेल?

आपलीही एक गल्ली

आता आपल्याकडे वळू. आपण पत्रिका जुळवितो, मंगळ पाहतो, मुलाचा पगार विचारतो; पण लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावे, असे म्हणावयास कोणी धजत नाही. एखाद्याच आईने म्हटले तर ‘आमच्यावर संशय?’ म्हणून सोयरीक मोडते. हे कोणासारखे झाले? गिऱ्हाईक शेजारच्या दारात गेले, त्यासारखेच! पण साऱ्या आळीत ती रीतच पडली, दोन्ही बाजूंनी आपण होऊन तपासणी करून घेतली, तर कोणाचा अपमान होईल?

आणि लागण निघालीच तर? ज्या सुनीतीबाईंनी १९८६ साली हा रोग शोधला, त्यांनीच पुढे वडिलांच्या नावे १९९३ साली चेन्नईत वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले, आणि लागण असलेल्या तरुण-तरुणींची लग्नेही जुळविली. वधूवरांच्या याद्या, घरच्यांच्या अटी, जात, शिक्षण, सारे काही तेथेही होते म्हणे! २०१५ साली त्या वारल्या. रोग शोधणे हे विद्वत्तेचे काम खरे. पण रोग्याला पुन्हा माणसांच्या पंगतीत बसविणे हे त्याहून मोठे.

आपल्या मुलांना शरीराचे शब्द शिकविणे, घरकामाच्या बाईला किंवा चालकाला लागण आहे असे कळले तर त्याचे काम न काढणे, तपासणीला जाणाऱ्याबरोबर सोबतीला जाणे, एवढे तर आपल्या हाती आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहते. आणि १०९७ या क्रमांकावर फोन केला तर नाव न सांगताही माहिती मिळते.

परवा कॉलेजात विद्यार्थिनींनी विचारले, “मॅडम, यंदा १ डिसेंबरला व्याख्यान कोणाचे ठेवायचे? डॉक्टरांचे?” मी म्हटले, डॉक्टर असू द्यात, पण त्यांच्या शेजारी एक खुर्ची आणखी मांडा. ताईंना मी निमंत्रण दिले आहे. त्यांनी एकच अट घातली आहे: लाकडी नमुना बरोबर आणीन, आणि तो पाहून कोणी तोंड फिरवायचे नाही.